परिपथाची संकल्पना कशी घडली : व्होल्टाच्या स्तंभापासून पॅरिसच्या परिषदेपर्यंत (१८००–१८८१)

विजेच्या प्राथमिक पाठात विभवांतर, विद्युतधारा आणि रोध या तीन राशी एकाच सूत्रात बांधलेल्या अशा समोर येतात, आणि त्यामुळे त्या आरंभापासूनच एकत्र नांदत होत्या असा समज सहज होतो. प्रत्यक्षात या तिन्हींचा जन्म वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या उपकरणांच्या आधाराने झाला. त्यांपैकी विभवांतर आणि विद्युतधारा या दोन राशी तर कित्येक वर्षे परस्परविरोधी मानल्या जात होत्या : जेथे एक आहे तेथे दुसरी असू शकत नाही, अशी त्या काळच्या उत्तमोत्तम अभ्यासकांची धारणा होती. बंद मार्गातून वाहणाऱ्या विजेच्या प्रत्येक बिंदूशी या दोन्ही राशी एकाच वेळी जोडता येतात, हे ज्या क्षणी मान्य झाले, त्या क्षणी 'परिपथ' ही संकल्पना खऱ्या अर्थाने अस्तित्वात आली. तिथवर पोहोचण्यास विज्ञानाला सुमारे अर्धशतक लागले.

अठराव्या शतकातील विद्युतशास्त्र हे प्रामुख्याने साठलेल्या विजेचे शास्त्र होते. काच किंवा गंधक घासून वीज निर्माण करायची, ती एखाद्या वस्तूवर साठवायची आणि ठिणगीच्या किंवा धक्क्याच्या रूपाने तिचा एकदम निचरा होताना पाहायचा, असा प्रयोगांचा सर्वसाधारण क्रम असे. १७२९ मध्ये इंग्लंडमधील स्टीफन ग्रे याने घासलेल्या काचनळीचा प्रभाव सुतळीच्या दोरीवरून शेकडो फूट दूर नेऊन दाखवला. ही दोरी टांगण्यासाठी रेशमी धागे वापरले तर प्रभाव टिकतो आणि तितकीच बारीक पितळी तार वापरली तर तो नाहीसा होतो, हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्यातून वाहक व विसंवाहक या दोन वर्गांतील भेद स्पष्ट झाला : ज्या पदार्थातून वीज सहज पुढे जाते तो वाहक आणि जो तिला अडवतो तो विसंवाहक. १७४५–४६ मध्ये तयार झालेल्या लायडन बरणीमुळे, म्हणजे आतून व बाहेरून धातूचे अस्तर असलेल्या काचेच्या भांड्यामुळे, वीज मोठ्या प्रमाणात साठवता येऊ लागली. बेंजामिन फ्रँकलिनने विजेचे आधिक्य आणि तिची उणीव यांना अनुक्रमे धन व ऋण अशी नावे दिली, तर १७८५ मध्ये कुलोम याने तारेच्या पिळावर चालणाऱ्या तराजूने दोन प्रभारांमधील बल मोजून ते अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते हे सिद्ध केले. हे सर्व ज्ञान स्थिर प्रभारांचे होते. वाहणाऱ्या विजेचा अभ्यास करायचा तर ती काही काळ एकसारखी वाहत राहिली पाहिजे, आणि ठिणगीचे आयुष्य त्यासाठी फार अपुरे होते. हेन्री कॅव्हेंडिशने १७७० च्या दशकात या अडचणीतूनही वाट काढली होती. स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या धक्क्यांच्या तीव्रतेची तुलना करून त्याने निरनिराळ्या द्रावणांच्या वाहकतेचा अंदाज घेतला होता. मात्र त्याने हे निष्कर्ष छापलेच नाहीत, आणि १८७९ मध्ये मॅक्सवेलने त्याची टिपणे संपादित करून प्रसिद्ध केली तोवर त्यांचा कोणालाही उपयोग होण्याची वेळ निघून गेली होती.

एकसारखा प्रवाह देणारे पहिले साधन एका वादातून निर्माण झाले. बोलोन्याचा शरीरशास्त्रज्ञ लुइजी गाल्व्हानी याने मेलेल्या बेडकाच्या पायातील स्नायूला दोन भिन्न धातूंचा स्पर्श झाला की तो आकसतो, असे पाहिले होते, आणि १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात या घटनेचे कारण प्राण्याच्या देहात साठलेली वीज हे आहे असे मत मांडले होते. पाव्हिया येथील प्राध्यापक आलेस्सांद्रो व्होल्टा याला ते पटले नाही. बेडूक येथे केवळ एक संवेदनशील दर्शक आहे आणि विजेचा उगम दोन वेगवेगळ्या धातूंच्या संपर्कात आहे, असा त्याचा प्रतिवाद होता. आणि तो सिद्ध करायचा तर बेडकाला प्रयोगातून पूर्णपणे वगळणे भाग होते. २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना लिहिलेल्या पत्रात व्होल्टाने आपली रचना वर्णन केली : चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची चकती, त्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, आणि हाच क्रम पुन्हा पुन्हा रचून उभा केलेला स्तंभ. स्तंभाच्या दोन टोकांना एकाच वेळी स्पर्श केला असता धक्का बसे, आणि लायडन बरणीप्रमाणे तो एकदाच बसून संपत नसे; जितक्या वेळा स्पर्श करावा तितक्या वेळा तो बसे.

व्होल्टाने आपल्या स्तंभाचे दिलेले स्पष्टीकरण पुढे टिकले नाही, कारण ऊर्जा पुरवणारी गोष्ट धातूंचा नुसता संपर्क ही नसून जस्ताचे हळूहळू विरघळणे, म्हणजे रासायनिक क्रिया, ही होती. साधन मात्र अमोल ठरले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात निकल्सन आणि कार्लाइल यांनी स्तंभाच्या तारा पाण्यात बुडवून पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन यांत विघटन केले, आणि १८०७ मध्ये हंफ्री डेव्हीने मोठ्या विद्युतघटमालेच्या साह्याने पोटॅशियम व सोडियम ही मूलद्रव्ये वेगळी काढली. या सर्व प्रयोगांत टोके एकमेकांना जोडल्याशिवाय काहीच घडत नाही, हे उघड दिसत होते. तरीही अभ्यासकांचे लक्ष स्तंभाच्या टोकांवर आणि त्या टोकांशी होणाऱ्या रासायनिक फेरफारांवरच खिळलेले राहिले. टोकांना जोडणाऱ्या तारेत काय घडते, हा प्रश्न वीस वर्षे जवळजवळ कोणी विचारला नाही, कारण त्या तारेत डोकावून पाहण्याचे साधनच नव्हते. विद्युतदर्शी, म्हणजे प्रभार असल्यास ज्याची सोन्याच्या वर्खाची पाने एकमेकांपासून दूर होतात असे उपकरण, उघड्या स्तंभाच्या टोकांशी ताण दाखवी; टोके तारेने जोडली की मात्र तो ताण नाहीसा झाल्यासारखा दिसे.

ते साधन १८२० मध्ये हाती आले. २१ जुलै रोजी कोपनहेगनच्या हान्स क्रिस्टियान अर्स्टेड याने एक छोटी लॅटिन पत्रिका प्रसिद्ध करून असे जाहीर केले की, टोके जोडणाऱ्या तारेजवळ ठेवलेली चुंबकसूची आपली उत्तर-दक्षिण दिशा सोडून वळते. ही वार्ता सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत पोहोचली, आणि काही आठवड्यांच्या आत आंद्रे-मारी अँपिअर याने या विषयावर आपले निबंध वाचण्यास आरंभ केला. त्याने 'विद्युत ताण' आणि 'विद्युत प्रवाह' या दोन संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या केल्या. मार्ग खंडित असतो तेव्हा टोकांवर ताण असतो आणि तो विद्युतदर्शीने कळतो. मार्ग पूर्ण झाला की प्रवाह सुरू होतो आणि तो चुंबकसूचीने कळतो. हा प्रवाह तारेपुरता नसून घटाच्या आतूनही जातो आणि स्वतःवर परत येतो, हेही त्याने दाखवले. त्याच वर्षी हॅले येथील श्वाइगर याने तारेची अनेक वेटोळी सूचीभोवती गुंडाळून तिच्यावरील परिणाम वाढवला, आणि ज्याला पुढे गॅल्व्हानोमीटर म्हटले गेले त्या प्रवाहमापकाचा पाया घातला गेला. या मांडणीत मोठे सामर्थ्य होते, पण तिच्यात एक अडथळाही दडलेला होता. अँपिअरच्या मते ताण आणि प्रवाह या विजेच्या दोन भिन्न अवस्था होत्या; प्रवाह सुरू होताच ताणाचे अस्तित्व संपते, असे तो मानत होता. जी राशी प्रवाहाच्या वेळी शिल्लकच उरत नाही, ती त्या प्रवाहाचे प्रमाण कसे ठरवणार, हा प्रश्न या चौकटीत मांडताच येत नव्हता.

त्याच सुमारास व्यवहारातूनही एक कोडे उभे राहिले. अर्स्टेडच्या शोधानंतर सूचीच्या हालचालीने दूरवर संदेश पाठवण्याची कल्पना अनेकांना सुचली, आणि इंग्लंडच्या वुलिच येथील पीटर बार्लो याने १८२५ मध्ये ती तपासून पाहिली. तारेची लांबी वाढवत नेली असता सूचीवरील परिणाम इतक्या झपाट्याने घटू लागला की, २०० फुटांच्या आतच या योजनेच्या व्यवहार्यतेविषयी त्याची निराशा झाली. लांबी वाढली की प्रवाह घटतो, हे खरेच होते. तो कोणत्या नियमाने घटतो आणि त्यावर उपाय काय, हे सांगण्यासाठी एकाच वेळी तार आणि घट या दोहोंचा हिशोब ठेवणारे सूत्र हवे होते.

हे सूत्र शोधणारा गेओर्ग झिमॉन ओहम हा कोलोन येथील एका माध्यमिक विद्यालयात गणित आणि भौतिकी शिकवणारा शिक्षक होता. १६ मार्च १७८९ रोजी एर्लांगन येथे जन्मलेल्या ओहमचे वडील कुलुपे तयार करणारे कारागीर होते आणि स्वतःच्या प्रयत्नाने त्यांनी उच्च गणिताचा अभ्यास केला होता. मुलाला त्यांच्याकडून गणिताची गोडी आणि हाताची सफाई या दोन्ही गोष्टी मिळाल्या. १८२५ मध्ये ओहमने व्होल्टाच्या पद्धतीचा घट वापरून निरनिराळ्या लांबीच्या तारांमुळे चुंबकीय परिणाम किती घटतो हे मोजले, आणि हाती आलेल्या आकड्यांवरून लॉगॅरिथमचे एक सूत्र प्रसिद्ध केले. ते सूत्र चुकीचे होते, आणि चुकीचे मूळ घटात होते. असा घट जोडल्याबरोबर जोमदार प्रवाह देतो आणि पाहता पाहता मंदावतो, कारण त्याच्या पत्र्यांवर वायूचे बुडबुडे साचतात आणि द्रावणही बदलत जाते. ज्या गजाने कापड मोजायचे तो गजच मोजता मोजता आखडत जावा, तशी ही स्थिती होती. जर्मन शास्त्रीय नियतकालिकाचा संपादक पोगेनडॉर्फ याने ओहमला अधिक स्थिर अशा साधनाचा सल्ला दिला. १८२१ मध्ये झेबेक याने असे शोधून काढले होते की, दोन भिन्न धातूंचे दोन सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले तर त्या धातूंच्या वलयात प्रवाह निर्माण होतो. बिस्मथच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना तांबे जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, की जोवर ही दोन तापमाने टिकतात तोवर प्रवाहाचा उगमही अचल राहतो.

या उगमाच्या दोन टोकांमध्ये ओहमने एकाच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडल्या. त्यांची लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच होती. प्रवाह मोजण्यासाठी त्याने कुलोमच्या पिळाच्या तराजूतील तत्त्व वापरले. मार्गाच्या एका भागावर टांगलेली चुंबकसूची प्रवाहामुळे वळली, की वरून तार पिळून तिला मूळ जागी आणायचे, आणि त्यासाठी द्यावा लागलेला पीळ हे प्रवाहाचे माप मानायचे. ८ जानेवारी १८२६ रोजी २ इंची तारेसाठी हे माप ३२६ ३/४ आले, १८ इंचीसाठी १९० ३/४ आणि १३० इंचीसाठी ४८ १/२. हे सर्व आकडे एकाच सूत्रात बसतात, असे ओहमला आढळले : तारेची लांबी क्ष मानली, तर प्रवाह हा अ या संख्येला ब अधिक क्ष या बेरजेने भागून मिळतो, आणि या मालिकेत अ ची किंमत ७२८५ व ब ची २० १/४ येते. १८ इंची तारेसाठी ७२८५ ला ३८ १/४ ने भागले तर सुमारे १९० १/२ हा आकडा मिळतो, आणि प्रत्यक्ष माप त्याहून जेमतेम पाव भागाने वेगळे होते.

या सूत्रातील प्रत्येक अक्षराचा अर्थ लावणे हे त्याच्या शोधाचे खरे मर्म होते. क्ष हा बाहेरून जोडलेल्या तारेचा रोध आहे, आणि ब हा मार्गाच्या उरलेल्या भागाचा, म्हणजे उगमाच्या आतील धातूंचा, रोध तांब्याच्या तारेच्या लांबीत व्यक्त केलेला आहे. अ ही उगमाची शक्ती होय. सांध्यांच्या तापमानातील फरक कमी करून ओहमने तीच मोजणी पुन्हा केली तेव्हा अ ची किंमत घटली आणि ब ची किंमत जशीच्या तशी राहिली. प्रवाह ठरवणाऱ्या दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, त्यांपैकी एक उगमाकडून येते आणि दुसरी मार्गाच्या घडणीकडून, हे या साध्या बदलाने दाखवून दिले. तारेची लांबी, जाडी आणि धातू यांवर अवलंबून असलेला रोध ही राशी याच ठिकाणी स्वतंत्र अस्तित्व घेऊन पुढे आली.

१८२७ मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ओहमने प्रयोगाकडून सिद्धांताकडे मोर्चा वळवला. १८२२ मध्ये फूरिएने उष्णतेच्या वहनाचे गणित मांडले होते, आणि त्यात धातूच्या कांबीतून वाहणारी उष्णता लगतच्या दोन बिंदूंच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते, असे गृहीत होते. ओहमने त्याच धर्तीवर तारेच्या प्रत्येक बिंदूला विद्युतदर्शीने मोजता येईल असा ताण जोडला आणि लगतच्या बिंदूंतील ताणांचा फरक हेच प्रवाहाचे कारण मानले. बंद मार्गातही ताण नाहीसा होत नाही. तो उगमाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोधाच्या प्रमाणात क्रमाने उतरत जातो, असा याचा अर्थ होता. अँपिअरने ज्या दोन अवस्था एकमेकींपासून अलग केल्या होत्या, त्या येथे एकाच तारेत एकत्र आल्या.

ग्रंथाचे स्वागत थंडपणे झाले, आणि काही ठिकाणी विरोधानेही. विजेच्या अभ्यासकांपैकी अनेकांना त्यातील गणित दुर्बोध वाटले, तर गेओर्ग फ्रीडरिख पोल यासारख्या टीकाकारांना या पद्धतीने निसर्गाचे आकलन होते हेच मान्य नव्हते. विद्यापीठातील पदाची ओहमची अपेक्षा पूर्ण झाली नाही; १८२८ मध्ये त्याने कोलोनच्या पदाचा राजीनामा दिला आणि काही वर्षे बर्लिनमध्ये शिकवण्यावर काढून १८३३ मध्ये तो न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत रुजू झाला. तरीही त्याचे काम पूर्णपणे दुर्लक्षित राहिले, असे म्हणणे योग्य नाही. लाइप्झिगच्या फेश्नरने १८३१ मध्ये विस्तृत मोजमापांनी सूत्राला दुजोरा दिला, आणि सेंट पीटर्सबर्ग येथे लेन्झने त्याचा वापर केला. १८४१ मध्ये रॉयल सोसायटीने ओहमला कॉप्ली पदक दिले, आणि १८४३ मध्ये चार्ल्स व्हीटस्टोनने रोध मोजण्याच्या पद्धतींवरील आपल्या व्याख्यानात या सूत्राला मध्यवर्ती स्थान दिले.

सूत्राची उपयुक्तता एका स्वतंत्रपणे सुटलेल्या कोड्यातून विशेष स्पष्ट होते. अमेरिकेतील ऑल्बनी येथे जोसेफ हेन्री याने ओहमचे काम माहीत नसताना, १८३१ च्या सुमारास, असे दाखवले होते की लांब तारेच्या टोकाशी असलेला विद्युतचुंबक चालवायचा तर एक मोठा घट पुरत नाही. अनेक घट एकामागून एक जोडावे लागतात. ओहमच्या सूत्रात याचे कारण सरळ वाचता येते. घट अशा एकसर जोडणीने जोडले की त्यांची शक्ती वाढते, पण प्रत्येक घटाचा आंतरिक रोधही त्यात मिळतो. बाहेरची तार आखूड असेल तर शक्ती व रोध सारख्याच प्रमाणात वाढल्याने लाभ जवळजवळ शून्य होतो. बाहेरची तार मैलोगणती लांब असेल तर तिच्या रोधापुढे घटांचा रोध क्षुल्लक ठरतो आणि घटांची संख्या वाढेल तसा प्रवाह वाढतो. बार्लोला निराश करणारी अडचण अशा रीतीने हिशोबाची बाब बनली.

सिद्धांतातील एक उणीव मात्र राहिली होती. ओहमने ताण म्हणजे विजेची घनता असे मानले होते, आणि तसे असते तर स्थिर अवस्थेत प्रभार वाहकाच्या संपूर्ण आकारमानात सारखा पसरायला हवा होता. परंतु तो केवळ पृष्ठभागावर राहतो, हे कुलोमच्या काळापासून सिद्ध होते. १८४८–४९ मध्ये रूडोल्फ कोलराऊश याने सूक्ष्म विद्युतमापकाने बंद परिपथाच्या निरनिराळ्या बिंदूंवरील ताण प्रत्यक्ष मोजले आणि ते ओहमच्या अपेक्षेप्रमाणेच उतरतात असे दाखवले. १८४९ मध्ये गुस्टाव्ह किर्खहोफने या ताणाचा खरा अर्थ सांगितला : ती घनता नसून स्थिर प्रभारांच्या गणितात आधीपासून वापरात असलेले विभव आहे, आणि प्रवाहाला कारणीभूत होते ते दोन बिंदूंमधील विभवांतर होय. घासलेल्या काचेची वीज आणि घटाची वीज यांची शास्त्रे येथे एक झाली. किर्खहोफनेच त्याआधी, १८४५ मध्ये, क्यॉनिग्सबर्ग येथे विद्यार्थी असताना, कितीही फाटे असलेल्या परिपथाला लागू पडणारे दोन नियम दिले होते. कोणत्याही सांध्यात येणाऱ्या प्रवाहांची बेरीज तेथून जाणाऱ्या प्रवाहांच्या बेरजेइतकी असते, कारण वीज तेथे साचत नाही. आणि कोणत्याही बंद फेऱ्यात उगमांची एकूण शक्ती त्या फेऱ्यातील विभवाच्या एकूण घटीइतकी असते. एकसर जोडणीत रोधांची बेरीज का होते आणि समांतर जोडणीत, म्हणजे प्रवाहाला एकाहून अधिक वाटा दिल्यावर, एकूण रोध कमी का होतो, हे दोन्ही निष्कर्ष याच नियमांतून निघतात.

या संकल्पनांना प्रयोगशाळेबाहेर नेण्याचे काम तारायंत्राने केले. जमिनीखाली किंवा समुद्रतळाशी तार तुटली अथवा तिचे आवरण फाटले, तर दोष किती मैलांवर आहे हे शोधण्याचा उपाय म्हणजे एका टोकाकडून रोध मोजणे आणि मैलामागील ठाऊक असलेल्या रोधाने त्याला भागणे, हा होता. १८५८ मध्ये आयर्लंड आणि न्यू फाउंडलंड यांना जोडणारी अटलांटिकमधील केबल काही आठवड्यांतच निकामी झाली. तिच्यावर सुमारे २,००० व्होल्टचा दाब देणारा वाइल्डमन व्हाइटहाउस आणि सौम्य प्रवाह वापरून सूक्ष्म आरसा-गॅल्व्हानोमीटरने संदेश वाचण्याचा आग्रह धरणारा विल्यम थॉमसन यांच्यातील मतभेदाचा निकाल या अपयशाने थॉमसनच्या बाजूने लागला. पाण्यातील लांब केबल ही रोधाबरोबरच एका लांबट लायडन बरणीप्रमाणेही वागते, आणि म्हणून संकेत तिच्यातून पसरट होत उशिरा पोहोचतो, हे थॉमसनने आधीच गणिताने दाखवले होते. १८६४ मध्ये इराणच्या आखातात टाकलेल्या केबलने मुंबई इलाख्यातील कराचीला पश्चिमेशी जोडले आणि १८७० मध्ये मुंबई–एडन–सुएझ ही समुद्री तार सुरू झाली, तेव्हा रोधाची काटेकोर चाचणी हा या उद्योगातील नित्याचा भाग झाला होता.

मोजणी सर्वत्र होऊ लागली, पण मापे एक नव्हती. कोणी ठराविक लांबीची तांब्याची तार प्रमाण मानी. १८६० मध्ये वेर्नर झीमेन्सने शून्य अंश तापमानाला १ मीटर लांब व १ चौरस मिलिमीटर छेदाचा पाऱ्याचा स्तंभ हे एकक सुचवले. १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने नेमलेल्या समितीने, जिच्यात थॉमसन आणि पुढे मॅक्सवेल यांचाही सहभाग होता, रोधाचे एकक एखाद्या विशिष्ट पदार्थाच्या नमुन्यावर न ठरवता लांबी, वस्तुमान व काळ यांच्या मूलभूत एककांवरून काढण्याचा मार्ग स्वीकारला. १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ओहम आणि व्होल्ट या एककांना मान्यता दिली, आणि एका व्होल्टमुळे एका ओहममधून वाहणारा प्रवाह तो अँपिअर, असे ठरवले.

या शेवटच्या व्याख्येत अर्धशतकापूर्वीचा वाद पूर्णपणे मिटलेला दिसतो, कारण ताण आणि प्रवाह एकाच वाहकात एकाच वेळी असतात हे मान्य केल्याशिवाय ती लिहिताच येत नाही. मात्र ओहमचा नियम आणि परिपथाची संकल्पना यांची व्याप्ती सारखी नाही, हे पुढील काळात स्पष्ट झाले. विभवांतर व प्रवाह यांचे गुणोत्तर स्थिर राहणे हा ठराविक तापमानातील धातूंचा व तत्सम पदार्थांचा गुण आहे. तापत जाणाऱ्या दिव्याच्या तंतूत किंवा अर्धवाहकांच्या जोडांत ते स्थिर राहत नाही. किर्खहोफचे नियम प्रभार आणि ऊर्जा यांच्या अक्षय्यतेवर उभे असल्याने, प्रवाह फार वेगाने बदलत नसेल तोवर, अशा घटकांच्या परिपथांनाही ते लागू पडतात. म्हणून आजचा अभियंता ओहमचा नियम पदार्थ पाहून वापरतो, पण बंद मार्गातील प्रत्येक बिंदूला विभव आणि प्रत्येक फाट्याला प्रवाह देण्याची ओहमची पद्धत तो कोणत्याही परिपथाच्या आराखड्यात आरंभीच गृहीत धरतो.